फ्लेक्सच्या पाठीवरचं शहापूर

माझ्या धाकट्या भावाची वाचा गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं. सकाळी दात घासता घासता तो मोरीत खाली बसला, आणि उठवला तेव्हा उजवा हात लोंबत होता आणि तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द नाही. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत गुठळी झालीय. त्याला सगळं समजतं, सगळं आठवतं, बोट ठेवून सावकाश वाचताही येतं, फक्त आतला शब्द बाहेर पडत नाही. कधीतरी एखादा पडतो, पण त्याला फार वेळ लागतो. हे मी आतापर्यंत इतक्या जणांना सांगितलंय की मला माझ्याच आवाजाचा वीट आलाय. शाळेत, जीपमध्ये, लग्नात, मयताला. प्रत्येकाला पहिल्यापासून ऐकायचं असतं आणि ऐकून झालं की प्रत्येकाकडे एक झाडपाल्याचं औषध निघतं.

पण मला आज आजारपणाचं नाही सांगायचं. खेळाचं सांगायचंय.

भाऊ शहापुरात फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइनचं काम करायचा. वाढदिवस, दहावं, मंडळाची दहीहंडी, सगळ्यांचे चेहरे उजळ करून द्यायचा. कॉलेजला ठाण्यात होता तेव्हा तो हा खेळ शिकून आला. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, आणि एकाने खेळवायचं. खेळवणारा सांगतो, तुम्ही अमुक ठिकाणी उभे आहात, समोर हे असं आहे, काय करता? तुम्ही सांगता काय करता ते. जमलं की नाही हे फाशावर ठरतं. खेळ एवढाच. आई जिवंत होती तेव्हा म्हणायची, घोडे झाले तरी भातुकली सुटत नाही. म्हणायची आणि मग आमच्यासाठी भजी तळायला घ्यायची.

रविवारी दुपारी सापगावला भावाच्या ओटीवर आम्ही बसायचो. मी, भाऊ आणि त्याचे दोन मित्र. एक मुरबाडचा, तिथल्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. दुसरा डोळखांबच्या वरच्या अंगाचा, आसनगावजवळ एका गोडाऊनला आहे. त्यांना आम्ही मुरबाडवाला आणि डोळखांबवाला असंच म्हणतो. मी प्राथमिक शिक्षिका. आठवडाभर पाड्यावरच्या पोरांना शिकवायचं, आणि त्याहून जास्त वेळ ऑनलाइन माहिती भरायची. रविवारच्या त्या दोन-तीन तासांवर माझा आठवडा निघायचा, हे खोटं नाही.

भावाच्या खेळातलं जग म्हणजे शहरी भुताटकी. हा शब्द त्याचाच. पिंपळ तोडला म्हणून मोबाइलच्या टॉवरवर राहायला गेलेला मुंजा. नदी आटली म्हणून पाण्याच्या टँकरमधून गावोगाव फिरणारा गिऱ्हा. टोलनाक्यावर गाड्या अडवून नुसतंच वय विचारणारी हडळ. मुरबाडवाला त्याला चिडवायचा, शहापूर कधीपासनं शहर झालं रे? भाऊ म्हणायचा, नगरपंचायत झाली ना, मग झालं. मुरबाडलापण झालीय, तुझीपण भुतं घेतो.

नियमांचं पुस्तक तो वापरायचाच नाही. पुस्तक कशाला, तोंड आहे ना, असं म्हणायचा. आणि खरंच, तोंड होतं त्याला. एका दमात म्हातारी, पोलीस आणि रेडा बोलून दाखवायचा. आम्ही भांडायला लागलो की हे असं का आणि तसं का, तर तो असा काही खुलासा द्यायचा की आमचं भांडणच विरघळून जायचं. त्याचा सगळा खेळ त्या जिभेवर उभा होता आणि नेमकी तीच गेली.

आजारपणानंतर डॉक्टर म्हणाले, त्याला माणसांत बसवा, आवडीचं काही करायला लावा. म्हणून पावसाळा संपता संपता आम्ही परत बसलो. मुरबाडवाल्याने मोबाइलवर एक खेळ शोधला होता. हलका, सोपा, नियम जेमतेम पाच-सहा. त्याचं म्हणणं, त्याच्यावर लोड नको. मलाही ते पटलं होतं. आजारी माणसाला पेज द्यावी तसा सोपा खेळ द्यावा, असंच कोणीही म्हणेल.

ती दुपार मी विसरणार नाही. भाऊ खेळवायला बसला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत होतो. त्याने तोंड उघडलं, मान ताणली, आणि काही आलं नाही. डोळखांबवाला म्हणाला, "गोडाऊन? गोडाऊनमदी हाय का आमी?" भावाने मान हलवली. मुरबाडवाला म्हणाला, "पूल? हायवे?" मी म्हणाले, "स्टँड का रे?" आम्ही तिघं त्याच्या तोंडात शब्द घालत बसलो, आणि प्रत्येक शब्दाला तो मान हलवत होता, आधी नाही, मग जोरात नाही, मग कंटाळून हो. कुठल्या तरी भलत्याच जागी, आमच्याच एकाने सुचवलेल्या, आमचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने तो उठला आणि मागच्या दाराने परसात गेला. तिथे शेवग्याखाली उभा राहिला पाठ करून. भावजय म्हणाली, "ताई, पुरे आता." आम्ही फासे गोळा केले.

त्यानंतर तो टेबलापाशी येईना. मित्र आले की आतल्या खोलीत जाऊन कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडायचा. मुरबाडवाल्याने मला फोन करून स्पष्टच सांगितलं. तो वाईट माणूस नाही. नाइट शिफ्ट करून, झोप मोडून मुरबाडवरून बाइकवर येतो. म्हणाला, ताई, मला त्याला तसं बघवत नाय. अजून एकदा बघू, नाय जमलं तर आपण बंद करू. भावजय तर म्हणत होती, आत्ताच बंद करा. म्हणजे एक शेवटची खेप उरली होती. तीही फसली की भावाची ती खुर्ची कायमची गेली, आणि मग त्याला दिवसभर टीव्हीसमोर बसवून ठेवण्याखेरीज आमच्याकडे दुसरं काही नव्हतं.

खेळ निवडायचं माझ्यावर आलं. माझ्यावर येतंच सगळं. दिवाळीच्या सुट्टीच्या आधीचे दिवस, सत्र परीक्षा, पेपर तपासणी, त्यात पाड्यावरची निम्मी कुटुंबं वीटभट्टीवर कामाला जायच्या तयारीत, म्हणून घरोघर जाऊन पोरांना इथेच ठेवा म्हणून विनवण्या. त्या सगळ्यातून मी जीपमध्ये बसून मोबाइलवर खेळांची पुस्तकं वाचत होते. फुकट चाखायला देतात तेवढी पानं. शहर आणि भुतं यांचे खेळ जगात ढिगाने आहेत. एकात तर सगळी पात्रं उदास पिशाच्चंच होती, नुसती हॉटेलांत बसून एकमेकांवर रुसणारी. ते वाचून मला माझी स्टाफरूम आठवली, मी बंद केलं.

बहुतेक सगळे हलके. सगळ्यांच्या पहिल्या पानावर एकच कौतुक, आमचे नियम कमी आहेत, तुम्ही फक्त कथा सांगा. फक्त! आमची अडचण तिथेच होती. डोळखांबच्या जीपमध्ये, एका बाजूला कोंबड्यांची टोपली आणि दुसऱ्या बाजूला झोपलेली एक म्हातारी, अशी चेपून बसलेली असताना माझ्या ते डोक्यात आलं. नियम जितके कमी तितकं तोंड जास्त चालवावं लागतं. त्या सोप्या खेळाने त्याचं ओझं कमी केलं नव्हतं, सगळं उचलून त्याच्या जिभेवर ठेवलं होतं.

मग मी उलटं शोधायला लागले. सगळ्यात जाड, सगळ्यात किचकट. आणि सापडला. बाप रे, काय पुस्तक होतं ते. इंग्रजी, उशीला लावावं एवढं, आणि पानापानावर तक्ते. खेळ चौकटींवर, बुद्धिबळासारखा, सोंगट्यांनी. भिंतीआड उभे असाल तर एवढे वजा. धावत आलात तर एवढे अधिक. वाहतं पाणी मधे असेल तर भूत किती चौकटी सरकतं, पुलाच्या खांबाआडून नेम लागतो का, हिरव्या सिग्नलला शाप लवकर उतरतो का, सगळ्याला तक्ता. वाचून माझं डोकं उठलं. पण खेळवणाऱ्याने त्यात करायचं काय? सोंगटी सरकवायची, फासा टाकायचा, तक्त्यावर बोट ठेवायचं. बोलायचं काम पुस्तक करत होतं.

ग्रुपवर टाकल्यावर मुरबाडवाल्याने हात जोडलेले पाठवले. मग लिहिलं, चांगल्या माणसाला हे झेपणार नाय, त्याला काय झेपणार. भावजय म्हणाली, डोक्याला त्रास झाला तर जबाबदार कोण? दोन दिवस वाद चालला. शेवटी मी चिडून लिहिलं, जबाबदार मी.

शहापुरात झेरॉक्सच्या दुकानात त्याचे गठ्ठे काढून, स्पायरल मारून मी ते भावापुढे ठेवलं. त्याने डाव्या हाताने पानं उलटली. एका तक्त्यावर बराच वेळ थांबला. मी उभीच होते, हातात पिशवी, गाडी गाठायची होती. म्हटलं, "आवडलं ना? मला माहीतच होतं, आवडणार." तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. मी ते हो धरलं आणि निघाले.

सुट्टी लागली आणि आम्ही तयारीला लागलो. चौकटींसाठी भला मोठा कागद हवा होता. भावाच्या दुकानातून चुकीचा छापला गेलेला फ्लेक्स मिळाला, कोणा भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचा. त्याची पाठ पांढरी. भाऊसाहेब जमिनीकडे तोंड करून पडले आणि त्यांच्या पाठीवर आम्ही मार्करने शहापूर आखलं. एसटी स्टँड, बाजारपेठ, हायवे, आसनगावचा पूल, गोडाऊनच्या रांगा. मुरबाडवाल्याच्या हट्टापायी एका कोपऱ्यात त्याच्याकडचा सिद्धगड किल्लाही आला. अंतर बरोबर नाही म्हणून कोणी हरकत घेतली नाही. सोंगट्या म्हणजे चिंचोके, शर्टाची बटणं, बाटल्यांची झाकणं. आणि भाऊ पहिल्यांदा आतून बाहेर आला. रेघा वाकड्या गेल्या होत्या त्या त्याने डाव्या हाताने, पट्टी पायाखाली दाबून, सरळ केल्या. दुकानात तो असाच चिडायचा वाकड्या रेघांवर.

खेळाडू कमी पडत होते म्हणून भावजयीला बसवलं. ती आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, मी कंडक्टर होणार. तिची कंडक्टरीण तिकिटाशिवाय एकाही भुताला एसटीत घेत नव्हती. मुरबाडवाला झाला गोडाऊनचा वॉचमन, त्याच्याकडे सगळी हत्यारं. डोळखांबवाला भुतं उतरवणारा भगत. मी मास्तरीण. माझ्यात कल्पकता उरली नव्हती, थकले होते. फक्त माझी मास्तरीण मेलेल्या विद्यार्थ्यांचीही हजेरी घेऊ शकत होती.

पुस्तकात इथलं काहीच नव्हतं, तेव्हा काही नियम आमचे आम्ही घातले. त्यातला एक डोळखांबवाल्याचा. त्याच्या गावाकडे दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी गावाच्या शिवेवरच्या वाघोबाच्या दगडापाशी जमतात, खीर करतात. एक जण वाघ होतो, बाकीचे काठ्या घेऊन त्याच्यामागे लागतात आणि विचारतात, आमच्या शिवंत येशील का? तो नाय येनार म्हणेपर्यंत त्याला सोडत नाहीत. एकदा म्हणाला की वर्षभर वाघ शिवेच्या आत पाय टाकत नाही. लहानपणी हा स्वतः वाघ झाला होता. म्हणाला, "पन ते वाघाच्याच तोंडून आलं पायजे. दुसऱ्यानी म्हनलेलं धरत नाय." मी ते जसंच्या तसं कागदावर उतरवलं आणि तो कागद पुस्तकाच्या पुठ्ठ्याला स्टेपल केला. आमच्या शहापुरात वाघोबाचा दगड पुलाच्या पायथ्याशी होता, त्याच्या मागून शिवेची रेघ आणि रेघेपलीकडे जंगल. वाघ म्हणजे गोडेतेलाच्या डब्याचं पिवळं झाकण.

वाघबारस होऊन गेल्यावरच्या रविवारी फ्लेक्स टेबलावर अंथरून आम्ही बसलो. मुरबाडवाल्याने हेल्मेट खुर्चीच्या पाठीला न अडकवता शेजारी जमिनीवर ठेवलं. म्हणजे निघायच्या तयारीनेच आला होता. भावजयीने चहा ठेवला. भाऊ त्याच्या जुन्या खुर्चीत बसला, पुढ्यात पुस्तक, डाव्या हाताशी फासे. दाढी केलेली होती.

सुरुवातीला डोळखांबवाला म्हणाला, आधी वाघाला विचारू या. आम्ही हसत उभे राहिलो. त्याने केरसुणी घेतली, मी फूटपट्टी. चौघांनी त्या पिवळ्या झाकणावर काठ्या रोखल्या आणि विचारलं, आमच्या शिवंत येशील का?

भावाने वर बघितलं. ओठ हलले. मानेची शीर उभी राहिली. आता आठवतं, त्याने तळहात जरा वर केला होता, थांबा म्हणावं तसा. पण मागची दुपार सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होती. परत तसं होऊ द्यायचं नव्हतं. मुरबाडवाला घाईघाईने म्हणाला, नाय म्हनतोय, चला. भावजय म्हणाली, हो हो, नाही म्हणाले. मी फूटपट्टी ठेवली आणि मार्करने शिवेची रेघ जाड केली. भावाचा हात परत मांडीवर गेला.

आणि खेळ चालला. खरंच चालला! मला विश्वास बसत नव्हता. आमची मोहीम अशी की गोडाऊनमध्ये कोंडलेली भुतं सोडवायची. गोडाऊनचा मालक राक्षस, त्याचे पहारेकरी चिंचोके. भाऊ एकेक चिंचोका सरकवत होता, फासा टाकत होता, तक्त्यावर बोट ठेवत होता. आम्ही वाकून वाचत होतो आणि कपाळाला हात लावत होतो. शब्द लागतच नव्हता. मुरबाडवाल्याच्या वॉचमनला त्याने दोन ट्रकांच्या मधे असा कोंडला की मुरबाडवाला शिवी देता देता भावजयीकडे बघून थांबला. भाऊ हसला. एका बाजूने हसतो तो आता, पण ते त्याचंच हसू होतं, समोरच्याला कोंडीत पकडल्यावरचं.

शेवटी आम्ही चौघं पुलापाशी आलो. पुढे मालक, बाजूला हायवे. आमची मागची बाजू मोकळी होती, जंगलाची, पण तिची काळजी नव्हती. तिथे शिव होती आणि वाघ शब्दाने बांधलेला होता. म्हणून आम्ही सगळी माणसं पुढे लावली आणि माझी मास्तरीण, जिचा जीव जेमतेम उरला होता, सगळ्यात मागे, दगडाला टेकवून ठेवली. डोळखांबवाला म्हणाला, ताई, तिथं तुला कायसुद्दा होनार नाय.

भावाची पाळी आली. त्याने चिंचोक्यांना हातच लावला नाही. पिवळं झाकण उचललं, चौकटी मोजत मोजत जाड रेघेवरून आत आणलं आणि माझ्या मास्तरणीच्या बटणाशेजारी ठेवलं. फासा टाकला. तक्त्यावर बोट ठेवलं. मास्तरीण मेली.

"वाघ शिव वलांडत नाय," डोळखांबवाला म्हणाला. तो चिडला नव्हता, खरंच दुखावला होता. त्याच्या गावातलं कोणीही असली चाल खेळलं नसतं, आणि कोणी खेळेल हे आमच्यापैकी कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मुरबाडवाला म्हणाला, अरे, आपण विचारलं की, तू नाय म्हनाला ना? मग माझ्याकडे बघून हळूच खांदे उडवले. मला कळलं त्याचा अर्थ काय. विसरला बिचारा. मलाही तेच वाटलं. म्हटलं, जाऊ दे, असू दे, मेली तर मेली.

भावाने टेबलावर हात आपटला. डावाच, पण कप हलले. मग त्याने पुस्तक मिटलं आणि पुठ्ठ्याला स्टेपल केलेला कागद आमच्याकडे फिरवला. माझंच अक्षर. वाघाच्याच तोंडून आलं पायजे, दुसऱ्यानी म्हनलेलं धरत नाय. त्या ओळीवर बोट ठेवलं. तेच बोट उचलून स्वतःच्या ओठांवर ठेवलं. आणि आमच्याकडे बघितलं, एकेकाकडे, सावकाश, सगळ्यात शेवटी माझ्याकडे.

भावजयीला आधी कळलं. "यांनी कायच म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "आपणच म्हटलं."

मला लाज वाटली, आणि त्या लाजेचा रागही आला. एवढं वर्षभर कोण धावलं? दवाखाने कोणी केले? पण ते मनातल्या मनात म्हणतानाच आठवत गेलं, चहा हवा का, शर्ट हा घालायचा ना, झोप आली ना, थकलास ना, पुस्तक आवडलं ना. विचारायचं आणि उत्तरही आपणच द्यायचं. तो वर्षभर कशाकशाला नाही म्हणत होता, देव जाणे.

डोळखांबवाला उठला. कोपऱ्यातली केरसुणी परत उचलली, यावेळी हसला नाही. टेबलासमोर सरळ उभा राहिला, जसा गावाकडे दगडासमोर उभा राहत असेल. झाकणाला नाही, भावाला विचारलं.

"आमच्या शिवंत येशील का?"

आणि आम्ही थांबलो. थांबणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. भावाने श्वास घेतला. ओठ जुळले, सुटले. मान ताठ झाली, चेहरा लाल झाला. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. माझ्या जिभेवर शब्द तयार होता, नाय, द्यायला अगदी तयार. मी दात आवळून धरले. भावजयीने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं होतं. मुरबाडवाला खाली बघत होता. "ये" एवढं आलं आणि अडकलं. कोणी पुढचं म्हटलं नाही. परत "ये". मग त्याने डोळे मिटले.

"येनार," तो म्हणाला.

डोळखांबवाला केरसुणी धरून तसाच उभा. त्याच्या गावात हे उत्तर कधी कोणत्या वाघाने दिलेलं नाही, त्यामुळे पुढे काय विचारायचं असतं ते त्याला ठाऊक नव्हतं. भावाच्या कपाळावर घाम आला होता. त्याने माझं बटण फ्लेक्सवरून उचललं, माझ्या तळहातावर ठेवलं आणि पुस्तकातून एक कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. या खेळात नवीन माणूस बनवायचा तर अख्खी दुपार जाते, सतराशे तक्ते बघावे लागतात. मी इतकी दमले होते की तिथेच डोकं टेकून झोपले असते. मी पेन्सिल मागितली.

मुरबाडवाल्याने हेल्मेट जमिनीवरून उचललं. मला वाटलं, निघाला. त्याने ते खुर्चीच्या पाठीला अडकवलं, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, आता टर्न कोनाचा?

आम्ही चौघं भावाच्या तोंडाकडे बघत थांबलो.